ऐकू येतं, पण कळत नाही : मिलिसेकंदांचा हिशेब

चांगल्या कानाची सरासरी २० डेसिबलच्या आत असेल, तर जागतिक आरोग्य संघटना ऐकणं सामान्य मानते. ही सरासरी ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झ या चार सुरांवर निघते. बंद खोलीत हेडफोन लावायचा आणि बारीक ‘पीं’ ऐकू आली की बटण दाबायचं. साठी-सत्तरीतल्या अनेकांचा आकडा २० च्या थोडा अलीकडे-पलीकडे येतो आणि ‘वयाच्या मानानं उत्तम’ असं सांगून त्यांना घरी पाठवलं जातं. तक्रार मात्र तशीच राहते. लग्नाच्या हॉलमध्ये, टीव्ही चालू असताना, चारजण एकदम बोलत असताना आवाज येतो, पण शब्द लागत नाहीत.

ही तक्रार खरी आहे आणि ती मोजताही येते. ऑडिओग्राम फक्त एवढंच सांगतो, की आवाज किती मोठा हवा. तो मेंदूपर्यंत किती वक्तशीर पोचतो, हे त्यात दिसत नाही.

माणसाच्या प्रत्येक कानात ध्वनी टिपणाऱ्या आतल्या केसपेशी जेमतेम ३,५०० आणि त्यांच्यापासून निघणारे मज्जातंतू सुमारे ३०,००० असतात. २००९ मध्ये कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा गोंगाट ऐकवला. काही दिवसांत त्यांचं ऐकणं चाचणीपुरतं पूर्ववत झालं, पण केसपेशी आणि तंतू यांच्यातले काही भागातले जवळपास निम्मे जोड कायमचे गेले होते. पुढे २०१९ मध्ये माणसांच्या मरणोत्तर तपासलेल्या कानांतही, पन्नाशीनंतर ६० टक्क्यांहून अधिक तंतू केसपेशींपासून तुटलेले आढळले. शांत खोलीतली ‘पीं’ ऐकायला उरलेले तंतू पुरतात. गोंगाटातलं वाक्य वेगळं काढायला ते पुरतीलच असं नाही.

कारण शब्द ओळखणं हा वेळेचा खेळ आहे. ‘ताट’ आणि ‘थाट’ यांत फरक आहे तो जिभेची अडवणूक सुटल्यावर स्वर किती उशिरा सुरू होतो याचा, म्हणजे काही डझन मिलिसेकंदांचा. लिस्कर आणि अब्रॅमसन यांनी १९६४ मध्ये ११ भाषांतला हा उशीर मोजला, त्यांत मराठीही होती. अल्पप्राण-महाप्राणाच्या जोड्या आपल्या भाषेत पावलोपावली असल्यानं हा हिशेब चुकणं मराठी कानाला महागात पडतं. त्याची थेट चाचणी म्हणजे सलग खरखरीत सोडलेली २ ते २० मिलिसेकंदांची पोकळी ओळखायला लावणं. निरोगी तरुण साधारण ५ मिलिसेकंदांची फट पकडतात. मेंदूतल्या श्रवणमार्गाला इजा झालेल्यांना सरासरी ८ च्या आसपास लागतात.

बटण दाबायला न लावताही मोजता येतं. आपल्याकडे ‘बेरा’ म्हणून ओळखली जाते ती ही तपासणी. कपाळावर आणि कानांमागच्या हाडांवर इलेक्ट्रोड लावण्याआधी तिथली त्वचा खरखरीत पेस्टनं घासून घेतात. रुग्णाला आडवं करून जबडा सैल सोडायला सांगतात, कारण नुसते दात दाबले तरी स्नायूंची वीज सगळं झाकून टाकते. मग कानात टकटक सुरू होते. पहिली लाट कानाच्या नसेतून सुमारे दीड मिलिसेकंदानं येते, पाचवी मेंदूच्या खोडातून साडेपाच-सहा मिलिसेकंदांनी. लाटेची उंची अर्ध्या मायक्रोव्होल्टच्या आसपास, आणि मेंदूची इतर चालू वीज त्याच्या तीस-चाळीस पट. म्हणून २००० टकटकींची सरासरी काढतात. २००० चं वर्गमूळ सुमारे ४५, तेवढ्या पटीनं बाकीची खळबळ खाली येते आणि लाट वर दिसते. सेकंदाला २० या वेगानं हे काम १०० सेकंदांचं. वयाबरोबर पहिली लाट खुजी होत जाते.

टकटक म्हणजे बोलणं नव्हे. म्हणून नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात नीना क्राउस यांच्या प्रयोगशाळेनं १७० मिलिसेकंदांचं ‘दा’ वापरलं. २०१२ च्या अभ्यासात १८ ते ३० वर्षांचे आणि ६० ते ६७ वर्षांचे, दोन्ही गट ऑडिओग्रामवर सामान्य होते. तरी ज्येष्ठांच्या मेंदूचा प्रतिसाद व्यंजनाकडून स्वराकडे जाण्याच्या टप्प्यावर उशिरा येत होता. पुढच्या स्थिर ‘आ’वर तो उशीर नव्हता. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो, कारण ज्येष्ठ नेमके व्यंजनातच अडखळतात.

दवाखान्यात रोज वापरण्याजोगी चाचणी याहून सोपी आहे. गोंगाटात तीन-तीन अंक ऐकवायचे आणि निम्मे बरोबर येतील ती पातळी शोधायची. नेदरलँड्समध्ये २००३ मध्ये ही फोनवर सुरू झाली आणि तिला मोजकीच मिनिटं लागतात. मराठीत ती बसवताना अंक पारखून घ्यावे लागतात. सहा आणि नऊ उच्चारात दोन अक्षरांचे असल्यानं उठून दिसतात, तर सात-आठ-पाच गोंगाटात एकमेकांत मिसळतात. मराठी माणसावर इंग्रजी अंकांची फीत लावून काढलेला निकाल मी ग्राह्य धरणार नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढचे १ कोटी ११ लाखांच्या आसपास होते. ज्येष्ठ नागरिकांच्या शिबिरात रक्तदाबाशेजारी या चाचणीला जागा मिळायलाच हवी.

एक अडचण राहते, स्मरणशक्तीची. दोन कानांत एकाच वेळी वेगवेगळे अंक देणाऱ्या चाचणीत चार अंक लक्षात ठेवावे लागतात. दर कानाला ४० अंक, म्हणजे एक चूक अडीच टक्क्यांची, आणि ९० टक्क्यांच्या खाली गेलं की शंका. पण सत्तरीतल्या माणसाला आलेले ८५ टक्के कानाचे, श्रवणमार्गाचे की स्मृतीचे, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. सोबत स्मृतीची चाचणी घेतल्याशिवाय निदान करू नये.

स्मृतिभ्रंशाचा मुद्दा इथूनच येतो. २०११ मध्ये ६३९ जणांच्या अभ्यासात सौम्य श्रवणदोषात स्मृतिभ्रंशाचा धोका जवळजवळ दुप्पट, मध्यम दोषात तिप्पट आणि तीव्र दोषात पाचपटीच्या आसपास दिसला. हा संबंध झाला, कारण नव्हे. उपचारानं फरक पडतो का, हे पाहणारी ‘अचीव्ह’ चाचणी २०२३ मध्ये आली : ७० ते ८४ वर्षांचे ९७७ जण, तीन वर्षं. एकूण गटात श्रवणयंत्रानं फरक पडला नाही. आधीच जास्त धोका असलेल्या २३८ जणांत मात्र बौद्धिक ऱ्हास ४८ टक्क्यांनी कमी झाला. पण सहभागाची अट ऑडिओग्रामवर किमान ३० डेसिबलची होती. ज्यांचा ऑडिओग्राम ठीक आणि शब्द मात्र लागत नाहीत, ती माणसं या चाचणीत नव्हतीच.

त्यांच्यासाठी आवाज वाढवण्यापेक्षा सराव उपयोगी पडण्याची शक्यता अधिक. २०१३ मध्ये क्राउस यांच्याच गटानं ५५ ते ७० वर्षांच्या लोकांकडून आठ आठवडे, एकूण ४० तास संगणकावर ध्वनी ओळखण्याचा सराव करून घेतला. गोंगाटातला मेंदूचा उशीर कमी झाला आणि बोलणं समजणंही सुधारलं. तुलनेच्या गटानं तेवढाच वेळ माहितीपर चित्रफिती पाहिल्या, त्यांच्यात हा बदल दिसला नाही. अर्थात गट ७० पर्यंतचाच होता, ऐंशीच्या माणसाबद्दल त्यावरून बोलता येणार नाही.