शिंगे असलेला मासा

फिनलंडच्या उत्तर टोकाला, लाप्लंड प्रांतात, इनारी नावाचा एक ग्रामीण परगणा आहे. क्षेत्रफळाने तो त्या देशात सर्वांत मोठा. पाण्यासह सुमारे १७ हजार चौरस किलोमीटरांचा त्याचा विस्तार, आणि वस्ती मात्र जेमतेम ७ हजारांची. या परगण्याच्या मानचिन्हातील ढालीवर, काळ्या भूमीवर, एक सोनेरी मासा अंकित केलेला असून त्याच्या मस्तकावर रेनडिअरची शिंगे आहेत. असा प्राणी सृष्टीत कोठेही आढळत नाही. तथापि इनारीचे याहून यथार्थ चित्र रेखाटणे कठीण होते, असे माझे मत आहे.

युरोपात मानचिन्हे ही मूळची राजे, सरदार आणि सनदी नगरे यांची मिरास. फिनलंडने १९४९ साली कायदा करून ग्रामीण परगण्यांच्या मानचिन्हांना मान्यता दिली, आणि ज्यांच्या पूर्वजांनी कधी ढाल उचलली नव्हती अशा कोळ्यांना, शेतकऱ्यांना व लाकूडतोड्यांना आपापली निशाणी लाभली. मानचिन्हांच्या शास्त्राचे नियम कडक आहेत. सोने व रुपे हे धातू, काळा, निळा, लाल, हिरवा हे रंग. धातूवर धातू किंवा रंगावर रंग सहसा चढवू नये, कारण चिन्ह दुरूनही ओळखू आले पाहिजे. शिवाय, प्रमाण मानले जाते ते चित्र नव्हे, तर त्याचे शब्दांत बांधलेले वर्णन. ते पाळून कोणताही कुशल चितारी आपल्या हाताने चिन्ह नव्याने रेखाटू शकतो.

इनारीच्या चिन्हातील मासा हा तेथील सरोवराच्या थंड पाण्यातला, ज्याला फिनिश भाषेत ‘सीका’ म्हणतात. तीन हजारांहून अधिक बेटे पोटात घेतलेल्या या सरोवरावर या प्रदेशातील मूळनिवासी सामींपैकी इनारी सामी लोकांचा पिढ्यान्‌पिढ्या निर्वाह चालत आला; उत्तर सामींचे जीवन प्रामुख्याने रेनडिअरच्या कळपांभोवती गुंफलेले; आणि दुसऱ्या महायुद्धात फिनलंडचा पेत्सामो हा मुलूख सोव्हिएत संघाकडे गेल्यावर तेथून विस्थापित झालेले स्कोल्ट सामीही येथेच येऊन वसले. या तिन्ही समाजांच्या भाषांना फिनिशच्या जोडीने अधिकृत दर्जा असलेला, म्हणजे चार भाषांत कारभार करणारा, हा फिनलंडमधील एकमेव परगणा होय.

चितारी ढालीचे दोन भाग करून एकात मासा व दुसऱ्यात शिंगे मांडू शकला असता, आणि ती वाटणी नियमातही बसली असती. त्याने मात्र जलातील व स्थलातील उपजीविका एकाच देहात गोवल्या. ज्या प्रदेशात हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य क्षितिजावर येत नाही, तेथील ढालीच्या काळ्या भूमीवर ते सोने झळकताना मला अन्नाचेच तेज दिसते. ज्यावर गाव जगते, तेच त्याच्या ढालीवर असावे. इनारीने ते ठेवले आहे, आणि म्हणूनच त्याची ढाल खरी आहे.