चोवीस पट लहान लालपरी

नागपुरात सीताबर्डीच्या मोर भवन स्थानकात एसटी शिरली की प्रवासी पाटी वाचतात. बसवेडी पोरं आधी नंबर वाचतात. एमएच-14 दिसला तर बॉडी बहुधा पुण्याजवळच्या दापोडीची, एमएच-20 असला तर चिकलठाण्याची, आणि एमएच-40 दिसला की आपली, हिंगण्याची. राज्य परिवहन महामंडळाच्या तीन मध्यवर्ती कार्यशाळा आहेत आणि एसटीच्या बॉड्या वर्षानुवर्षं तिथे बांधल्या गेल्या. गाडीची नोंदणी त्या त्या भागात व्हायची, म्हणून नंबरवरून माहेर कळतं. नजर सरावली की नंबरही लागत नाही. खिडकीची ठेवण, मागच्या काचेचा आकार, पिवळा पट्टा कुठे वळतो, एवढ्यावर ही मंडळी कार्यशाळा ओळखतात. यांच्यातलेच काही जण घरी जाऊन तीच बस बांधायला घेतात, चोवीस पट लहान.

गाड्यांच्या प्रतिकृती बांधण्याचा छंद जगभर आहे आणि बहुतेक ठिकाणी तो दुकानातल्या खोक्यापासून सुरू होतो. अमेरिकेत एएमटी ही कंपनी मोटार-विक्रेत्यांसाठी नव्या मोटारींच्या छोट्या प्लास्टिक प्रतिकृती बनवायची. 1958 पासून तिने सुट्या भागांची किट विकायला काढली आणि तिथली एक अख्खी पिढी घरातल्या टेबलावर मोटारी जोडू लागली. जपानमध्ये शिझुओकाच्या तामियाने 1967 मध्ये होंडाच्या फॉर्म्युला वन मोटारीचं मोठं किट आणलं. युरोपातले ट्रक हवे असतील तर इटलीच्या इटालेरीची किट मिळतात. आपल्याकडे कोलकात्यात निकी टॉइज या नावाने ब्रिटिश डिंकी मोटारींच्या साच्यांतून गाड्या ओतल्या गेल्या, पण ती तयार खेळणी होती, बांधायची किट नव्हती.

या परदेशी कंपन्यांच्या यादीत लालपरी नाही. हौदा-फाळक्याचा आपला ट्रकही नाही. ज्याला एसटी हवी, त्याला ती कोऱ्या पुठ्ठ्यापासून उभी करावी लागते. महाराष्ट्रातल्या या छंदाचं सगळं वैशिष्ट्य त्यातून आलं आहे. किट जोडणाऱ्याचं मोजमाप कंपनीने आधीच केलेलं असतं. इथे ते स्वतः करायचं असतं. म्हणून आपला मॉडेल बांधणारा आधी गाडीचा अभ्यासक होतो आणि मग कारागीर.

पहिला प्रश्न प्रमाणाचा. जगात रूढ झालेली प्रमाणं विचित्र वाटतात, पण प्रत्येकामागे हिशेब आहे. ब्रिटिश खेळण्यातल्या आगगाड्यांत एका फुटाला 7 मिलिमीटर धरत. त्यावरून मोटारींचं 1:43 आलं. त्याच्या निम्मे, म्हणजे फुटाला साडेतीन मिलिमीटर धरले की 1:87 होतं. पुण्याच्या कोथरूडमधलं जोशी यांचं लघु रेल्वेचं संग्रहालय या प्रमाणातलं. भाऊ जोशी यांनी आयुष्यभर जमवलेल्या-बांधलेल्या आगगाड्यांचं ते शहर 1998 पासून लोकांसाठी खुलं आहे. बस आणि ट्रक बांधणाऱ्यांचं आवडतं प्रमाण मात्र 1:24. त्यात एक फूट म्हणजे अर्धा इंच. आपल्या सुतारांच्या हिशेबात इंचाचे आठ सूत, त्यामुळे खऱ्या गाडीवरचे तीन इंच मॉडेलवर बरोबर एक सूत होतात. फूटपट्टीवर डोळ्यांनी वाचता येईल असं हे प्रमाण आहे. शिवाय 2020 पर्यंत कायद्याने दोन आसांच्या बसची लांबी 12 मीटरपेक्षा जास्त नसायची, म्हणजे तशा बसचं मॉडेल अर्ध्या मीटरच्या आत राहतं आणि टेबलावर मावतं.

दुसरा प्रश्न मापांचा. उभ्या बसला टेप लावून मापं घ्यायला आगारात परवानगी लागते, आणि गाडी तेवढा वेळ थांबतेही क्वचित. त्यावर एक जुनी युक्ती आहे. बाजूने, अगदी काटकोनात उभं राहून बसचा फोटो काढायचा. ट्रक-बसना सर्रास बसवतात त्या 10.00-20 मापाच्या टायरची उंची साधारण एक मीटर पाच सेंटिमीटर असते. फोटोतला टायर मोजला की फोटोचं प्रमाण हाती येतं, आणि त्यावरून खिडकी, दार, पट्टा, दिवा, सगळं काढता येतं. मॉडेलचा टायर 44 मिलिमीटरच्या आसपास यायला हवा. ताळा बघायला रुंदी आहेच. नियमाप्रमाणे बस 2.6 मीटरपेक्षा रुंद नसते, म्हणून मॉडेल 10.8 सेंटिमीटरच्या पुढे गेलं तर मोजण्यात कुठेतरी घोळ झाला आहे हे लगेच कळतं. भूमितीच्या तासाला कंटाळणारं पोरही हे गणित आनंदाने करतं, कारण उत्तर चुकलं तर बस बेढब दिसते.

सामानासाठी फार लांब जावं लागत नाही. सनबोर्ड, कार्डशीट, माउंटबोर्ड, खिडक्यांसाठी पारदर्शक शीट, कटरची पाती, मास्किंग टेप, फेविक्विक आणि रंगाचे स्प्रे असले की काम सुरू होतं, आणि हे सगळं बर्डीसारख्या बाजारपेठेत स्टेशनरीच्या आणि हार्डवेअरच्या दुकानांतून मिळून जातं. चाकांना पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि बाटल्यांची झाकणं चालतात. आरशाच्या दांड्यांना तार, आसनांना रेक्झिनचे तुकडे. फेविक्विकच्या सांध्यावर खायचा सोडा भुरभुरला की तो क्षणात दगडासारखा कडक होतो. फटी भरायला हा उपाय या छंदातल्या सगळ्यांना पाठ आहे.

बांधण्याचा क्रम मात्र कार्यशाळेचाच. टाटा किंवा अशोक लेलँडच्या कारखान्यातून नुसती चासी निघते: इंजिन, चाकं, स्टिअरिंग आणि उघड्यावर बसलेला ड्रायव्हर. हायवेवर अशा चासींची रांग आपण सगळ्यांनी पाहिली आहे. कार्यशाळेत तिच्यावर आडवे बीम पडतात, मग बाजूचे खांब, छताच्या कमानी, त्यावर पत्रा, मग काचा, आसनं आणि शेवटी रंग. नवशिके आधी चार भिंतींचं खोकं करतात आणि खाली चाकं चिकटवतात. ती बस महिनाभरात कंबरेत वाकते. सांगाडा आधी उभारणाऱ्याची बस वर्षानुवर्षं सरळ राहते, कारण वजन पेलण्याचं काम पत्र्याचं नाही, सांगाड्याचं आहे. मोठ्या बसचं हे शास्त्र छोटीलाही चुकत नाही.

कसब दिसतं ते खिडकीत. तीन मिलिमीटर जाडीचा सनबोर्ड हाताला पातळ लागतो, पण चोवीसने गुणला तर ती जवळजवळ सव्वासात सेंटिमीटर जाडीची भिंत होते. अशा सनबोर्डात सरळ खिडकी कापली की बस किल्ल्यासारखी दिसू लागते. म्हणून जाणकार बाहेरची कातडी अर्ध्या मिलिमीटरच्या कार्डशीटची करतात, किंवा सनबोर्डाची कड आतून तिरपी तासून घेतात. मग काचेची सरकती जोडी दोन वेगळ्या पातळ्यांवर बसवायची, कारण खऱ्या बसमध्ये एक काच दुसरीच्या मागे सरकते. समोरून बघताना हा एक मिलिमीटरचा फरक दिसतो असं नाही, पण उजेड काचेवरून फिरतो तेव्हा तो जाणवतो आणि बस खरी वाटायला लागते.

जुन्या ॲल्युमिनियम बॉडीची ओळख म्हणजे रिव्हेटच्या रांगा. त्यासाठी शीतपेयाच्या डब्याचा पत्रा घेतात. तो साधारण एक दशांश मिलिमीटर जाडीचा, म्हणजे प्रमाणात अडीच मिलिमीटरच्या आत. पत्रा जाड पुठ्ठ्यावर पालथा ठेवायचा, पट्टी धरून एकेका सुतावर खूण करायची आणि संपलेल्या रिफिलच्या टोकाने हलकेच दाबायचं. उलटा केला की अर्ध्या मिलिमीटरची टिंबं उठून आलेली दिसतात. जोर जास्त पडला तर भोक पडतं, कमी पडला तर रंगाच्या थराखाली टिंब बुजतं. एका बाजूला अशी शेकडो टिंबं. मनगटाचा दाब शेवटपर्यंत सारखा ठेवायचा, हीच त्यातली खरी परीक्षा.

रंगाचंही तसंच. लाल रंग सरळ पांढऱ्या कार्डशीटवर मारला तर गुलाबी झाक मारतो. आधी राखी प्रायमर, पॉलिश पेपर, मग लालचे पातळ हात द्यावे लागतात. पिवळा पट्टा मास्किंग टेप लावून. आणि रंग वाळला की तो थोडा बिघडवायचा, कारण एसटी कधी कोरी नसते. चाकामागच्या भागावर विदर्भातल्या काळ्या मातीचे शिंतोडे, सायलेन्सरजवळ काजळी, दाराच्या दांडीवर हातांनी गेलेला रंग, खिडकीखाली ओघळ. हे सगळं रस्त्यावर उभं राहून बघितल्याशिवाय करता येत नाही.

ट्रक बांधणाऱ्यांना नागपूरसारखं गाव नाही. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा 44 क्रमांकाचा महामार्ग आणि सुरतेकडून पारादीपकडे जाणारा 53 क्रमांकाचा महामार्ग इथेच एकमेकांना छेदतात. शून्य मैलाचा दगड बर्डीपासून हाकेच्या अंतरावर आहे. पंजाबची केबिन, राजस्थानचे गोंडे, तमिळनाडूचे रंग, सगळे या गावावरून जातात. जमशेदपूरला 1954 मध्ये डेमलर-बेंझच्या सहकार्याने टाटाचे ट्रक निघू लागले, आणि त्यानंतरच्या नाकवाल्या गाड्यांपासून आजच्या सपाट तोंडाच्या गाड्यांपर्यंत पुढच्या ‘शो’चा आकार बदलत गेला. तो बदल मॉडेल बांधणारा जितका नेमका सांगतो तितका क्वचितच कुणी सांगेल. ट्रकचं मॉडेल बसपेक्षा अवघड, कारण झाकायला काही नसतं. कमानपाटे, डिझेलची टाकी, स्टेपनी, हौद्याच्या लाकडी फळ्या, सगळं उघडं. मागच्या फाळक्यावर काय लिहायचं हाही अभ्यासाचा भाग आहे. ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला महाराष्ट्रात 2015 मध्ये बंदी आली, तेव्हा ट्रक कोणत्या वर्षीचा आणि कोणत्या राज्याचा दाखवायचा आहे, हे ठरवूनच ब्रश उचलावा लागतो.

मोठ्या गोष्टीचं छोटं रूप हातात घेऊन ती समजून घेणं या गावाला नवं नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो आणि पोरं चाकांवरचे लाकडी नंदी सजवून ओढत नेतात. भोसल्यांच्या काळापासून चालत आलेला हा सण. शेतकऱ्याचं घर ज्याच्यावर चालतं त्या बैलाची ओळख मुलाला अशी खेळातून होते. बैलाची शिंगं, वशिंड, झूल कुठे असते हे त्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही. गाव ज्या गाडीवर चालतं तिची ओळख लालपरी बांधणारं पोर तशाच वाटेने करून घेतं.

या छंदाला आज वेगळं महत्त्व आलं आहे, आणि मला सांगायचं आहे ते हेच. पहिली एसटी 1 जून 1948 रोजी पुण्याहून अहमदनगरला धावली. तेव्हापासून लाकडी सांगाड्याच्या बॉड्या गेल्या, दिल्लीच्या 1982 च्या आशियाई खेळांवरून नाव मिळालेल्या ‘एशियाड’ आल्या, परिवर्तन आली, ॲल्युमिनियमच्या जागी पोलादी बॉड्या आल्या. 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षांपुढच्या सरकारी वाहनांची नोंदणी पुढे चालू राहत नाही. जुन्या गाड्या भंगारात जातात. 2024 मध्ये महामंडळाने अशोक लेलँडकडे 2,104 बसगाड्यांची मागणी नोंदवली, आणि त्या पूर्ण बांधूनच येतात. प्रवाशांच्या दृष्टीने हे चांगलंच आहे. पण तीन कार्यशाळांच्या तीन हातांच्या गाड्या, नंबरवरून माहेर ओळखू येणाऱ्या, रस्त्यावरून कमी होत जाणार. लोखंड वितळतं तेव्हा खिडकीची ठेवणही त्याच्याबरोबर जाते.

ती ठेवण आज बऱ्याच अंशी या पोरांच्या वह्यांत आहे. दाराची उंची, पायरीचा टप्पा, पट्ट्याचं वळण, रिव्हेटमधलं अंतर, सगळं मोजून लिहिलेलं. ‘वारी लालपरीची’सारख्या फिरत्या प्रदर्शनात एसटीच्या जुन्या-नव्या गाड्यांची मॉडेलं लोकांनी गर्दी करून पाहिली. त्याच्या पुढचं पाऊल आता पडायला हवं. मॉडेल बांधणाऱ्यांनी मॉडेलबरोबर त्याचा मापांचा तक्ताही जपावा. गाडीचा नंबर, कार्यशाळा, वर्ष आणि मापं कुठून घेतली हे त्यावर लिहावं. आगारांनी भंगारात निघालेली एखादी गाडी दोन दिवस या मंडळींना मोजू द्यावी. आणि मोर भवनात, प्रवासी गाडीची वाट बघत बसतात तिथे, हिंगण्यात बांधल्या गेलेल्या प्रत्येक प्रकारच्या बॉडीचं एकेक मॉडेल काचेच्या कपाटात ठेवावं, खाली बांधणाऱ्याचं नाव आणि कार्यशाळेचं नाव बरोबरीने लिहून. एकाने ती बस रस्त्यासाठी बांधली, दुसऱ्याने ती लक्षात राहावी म्हणून. दोघांचीही नावं त्या पाटीवर असायला हवीत.