तहानलेला वाटसरू
पाणी आणि पवित्र शास्त्र : लेखांक 6

गेल्या आठवड्यात आपण रफिदीमच्या खडकापाशी होतो. तहानेनं कासावीस झालेले इस्राएल लोक मोशेवर उलटले, आणि देवानं त्यांना आधी पाणी दिलं. दहा आज्ञा पुढे, सीनाय डोंगराजवळ आल्यावर. हा क्रम मनात ठेवूनच आज योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय उघडू या. या अध्यायावरची प्रवचनं बहुधा आत्म्याच्या तहानेपासून सुरू होतात. योहान मात्र सुरुवात करतो ती चालून चालून थकलेल्या येशूपासून.

यहूदियातून गालीलाकडे जाताना शोमरोनात सूखार गावाजवळ याकोबाची विहीर लागते. वेळ भर दुपारची. शिष्य खायला काही आणायला गावात गेलेले, आणि येशू विहिरीपाशी एकटाच बसलेला. ही विहीर आजही आहे. नाबलुसजवळ, गरिज्जीम डोंगराच्या पायथ्याशी, ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चच्या तळघरात. पायऱ्या उतरून खाली गेलं की विहिरीचा दगडी काठ लागतो. विहिरीचा वरचा भाग बांधून काढलेला, खालचा सरळ चुनखडकात खोदलेला. खोली अजमावायला यात्रेकरू आत दगड टाकत, त्यानं तळ भरत जाई. म्हणून निरनिराळ्या काळच्या प्रवाशांनी निरनिराळी मापं लिहून ठेवली आहेत. तळ साफ केल्यावर भरलेली खोली सुमारे 40 मीटर, म्हणजे आपल्याकडच्या हिशेबानं बावीस परस. पाणी थंडगार. पण दोर-पोहरा जवळ नसेल, तर काठावर बसून वाट बघण्यापलीकडे काही करता येत नाही. येशू तसाच बसला होता.

तेवढ्यात एक शोमरोनी बाई घागर घेऊन येते. येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो आणि ती थबकते. यहूदी आणि शोमरोनी यांचं वैर जुनं होतं. गरिज्जीमवरचं शोमरोन्यांचं मंदिर यहूदी सत्ताधीश योहान हुर्कान यानं इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीस उद्ध्वस्त केलं होतं. अशा वैरात एकमेकांच्या भांड्यातून पाणी पिण्याचा प्रश्नच नव्हता. अहमदनगर जिल्ह्यातल्या ज्या महार-मांग कुटुंबांनी एकोणिसाव्या शतकात बाप्तिस्मा घेतला, त्यांना हा भाग कुणी समजावून द्यायची गरज पडली नसेल. ज्यांच्या ओंजळीत पाणी वरून ओतलं जाई, त्यांनी ऐकलं की देवाचा पुत्र विटाळाची मानलेली घागर ओठाला लावायला तयार आहे. त्या क्षणी त्यांच्या मनात काय उसळलं असेल, याची कल्पना महाराष्ट्रातल्या माणसाला तरी करता यावी.

पुढे संवाद वळण घेतो. खरं तर मागायला तिनं हवं होतं, आणि मग आपण तिला जिवंत पाणी दिलं असतं, असं येशू म्हणतो. बाई त्याच्या रिकाम्या हातांकडे बघते. पोहरा नाही, विहीर एवढी खोल, मग हा पाणी काढणार कुठून? अनेक टीकाकार इथे तिला मंदबुद्धी ठरवतात. मला ते पटत नाही. एवढ्या खोलीवरून भरलेला पोहरा ओढणारी बाई पाण्याचा विषय निघाल्यावर दोराचा विचार करणारच. पुन्हा तहान लागू नये आणि इथवर खेपा घालाव्या लागू नयेत म्हणून ते पाणी मला द्या, असं ती सांगते, तेव्हा त्यात तिच्या हातांचा आणि खांद्यांचा शीण आहे. येशू तिला हसत नाही, झिडकारत नाही.

तिच्या खेपा मात्र संपल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही सूखारच्या बायकांना पाणी भरावंच लागलं असणार. मग येशूनं देऊ केलं ते काय? योहान पुढे सातव्या अध्यायात स्वतःच उलगडा करतो: विश्वास ठेवणाऱ्यांना मिळणारा पवित्र आत्मा. हे कळलं की पाण्यावरून सुरू झालेलं बोलणं एकाएकी उपासनेवर का जातं, तेही कळतं. बाई विचारते, देवाची उपासना कुठे करायची, या डोंगरावर की यरुशलेमेत? येशूचं उत्तर दोन्ही ठिकाणं ओलांडून जातं. झरा माणसाच्या आतच फुटणार असेल, तर देवाजवळ पोचायला कुठल्या डोंगराची परवानगी लागत नाही. शोमरोनी, त्यातून बाई, अशा माणसाला हे सांगितलं गेलं, यातच मला या अध्यायाचं सगळं बळ दिसतं.

आता तिच्या पाच नवऱ्यांविषयी, ज्यांचा उल्लेख याच संवादात येशू करतो. लोकांची तोंडं चुकवायला ती भर दुपारी आली, असं व्यासपीठावरून ठासून सांगितलं जातं. योहानानं तसं कुठेही लिहिलेलं नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात राहेलही दिवस चांगला वर असतानाच विहिरीवर येते. तिच्या चारित्र्यावर कुणी बोट ठेवत नाही. त्या काळी सोडचिठ्ठी देणं मुख्यतः पुरुषाच्या हाती होतं, आणि वैधव्य तर कुणाच्याच हाती नव्हतं. पाच वेळा मोडलेल्या संसारात तिचा दोष किती, हे आपल्याला सांगितलेलं नाही. सांगितलेलं आहे ते एवढंच, की येशूला सगळं ठाऊक होतं आणि तरीही तो तिच्याशी बोलत राहिला. ती घागर तिथेच टाकून गावात धावते आणि तिच्या शब्दावर पुष्कळ लोक विश्वास ठेवतात. पूर्वेकडची चर्चं तिला फोटिनी या नावानं संत मानतात. विहिरीवरचं चर्चही तिच्याच नावाचं आहे.

या अध्यायानं एका मराठी स्त्रीचं आयुष्य बदललं. पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या, तेव्हा त्या तरुण विधवा होत्या, आणि त्याआधी दुष्काळानं त्यांचे आईवडील नेले होते. लंडनच्या फुलहॅम भागात समाजानं पतिता म्हणून टाकलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या भगिनी त्यांनी पाहिल्या. ही माणसं या बायकांची एवढी काळजी का घेतात, असं त्यांनी विचारलं. उत्तरादाखल एका भगिनीनं त्यांना शोमरोनी स्त्रीची हीच कथा वाचून दाखवली. भारतातल्या पिचलेल्या स्त्रीला येशूच वर काढू शकेल, अशी रमाबाईंची खात्री पटली, असं त्यांनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात लिहिलं आहे. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

रमाबाईंनी हा अध्याय केवळ आत्म्यापुरता वाचला नाही, म्हणून त्या मला या लेखमालेत हव्या होत्या. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुली-विधवांना घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं, ते पावसानं पाठ फिरवलेल्या टापूत. तिथे विहिरी खोदाव्या लागल्या, शेत पिकवावं लागलं, मुलींना न्हाऊ-माखू घालून माणसांत आणावं लागलं. प्रार्थनाही तिथेच चालत, आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करण्याचं रमाबाईंचं कामही तिथेच, मरणाच्या उंबरठ्यापर्यंत चाललं.

सूखारच्या विहिरीवर येशूला अखेर पाणी मिळालं की नाही, हे योहान सांगत नाही. पण येशूच्या तहानेचा उल्लेख तो एकोणिसाव्या अध्यायात पुन्हा करतो. तेव्हा येशू वधस्तंभावर असतो आणि आंबेत बुडवलेला बोळा त्याच्या तोंडाशी नेला जातो. पुढच्या आठवड्यात तो प्रसंग घेऊ.