लँडलाइन काढून वायरलेस फोन घेताय? आधी वीज, रेंज आणि नंबर तपासा

जळगाव आणि धुळ्यातल्या जुन्या दुकानांच्या पाट्यांवर अजूनही लँडलाइनचे नंबर दिसतात. जळगावचा कोड ०२५७ आणि पुढे सात आकडे, धुळ्याचा ०२५६२ आणि पुढे सहा. मोबाइल आल्यावर यातले कितीतरी फोन बंद झाले. पण काही दवाखान्यांत, आडत दुकानांत आणि वयस्कर मंडळींच्या घरी ते टिकून आहेत. तिथे तार बिघडली की प्रश्न पडतो: ती दुरुस्त करून घ्यायची, की सरळ वायरलेस फोन घ्यायचा?

टेबलावर ठेवलेले दोन्ही फोन सारखेच दिसतात, पण त्यांचं काम वेगळ्या पद्धतीने चालतं. हा फरक लक्षात न घेता जुनी लाइन सरेंडर केली, तर नेमक्या गरजेच्या वेळी फोन बंद पडू शकतो.

वीज गेली तरी जुना फोन चालू कसा राहतो?

जुन्या लँडलाइनला घरातली वीज लागतच नाही. टेलिफोन एक्स्चेंजपासून घरापर्यंत तांब्याच्या दोन तारा येतात. त्यांतून आवाजाबरोबरच सुमारे ४८ व्होल्टचा डीसी प्रवाहही येतो आणि त्यावरच फोन चालतो. एक्स्चेंजमध्ये मोठ्या बॅटऱ्या असतात, सोबत जनरेटर असतो. त्यामुळे गल्लीतली वीज गेली तरी एक्स्चेंज सुरू आहे तोवर डायल टोन मिळतो.

घरात हाताशी घेऊन फिरायचा कॉर्डलेस फोन मात्र याला अपवाद आहे. त्याची लाइन तांब्याचीच असते, पण त्याचा बेस घरच्या विजेवर चालतो. म्हणून वीज गेली की तोही बंद.

वायरलेस सेवा म्हणजे नेमकं काय?

तिचे सध्या दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला म्हणजे सिमकार्डवर चालणारा टेबल फोन. तो दिसतो लँडलाइनसारखा, पण आत मोबाइलच असतो. तो थेट टॉवरशी बोलतो आणि त्याला चार्जिंगची बॅटरी असते.

दुसरा प्रकार एअरफायबरचा. जिओ आणि एअरटेल यांनी ही सेवा २०२३ मध्ये सुरू केली. गच्चीवर किंवा खिडकीबाहेर बसवलेलं यंत्र ५जी सिग्नल पकडतं आणि घरातला राउटर वाय-फाय देतो. काही योजनांमध्ये राउटरला साधा फोनही जोडता येतो. राउटर बंद झाला की हा फोनही बंद.

बीएसएनएलच्या फायबरलाही अनेक जण वायरलेस समजतात, पण ती काचेच्या तंतूची तारच असते. त्यातून आवाज प्रकाशाच्या रूपात येतो, वीज येत नाही. म्हणून फायबरच्या फोनलाही घरची वीज लागते.

खानदेशात विजेचा मुद्दा महत्त्वाचा का?

उन्हाळ्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. मे-जूनमधल्या वादळात केळीच्या बागा आडव्या होतात, सोबत विजेचे खांबही पडतात. अशा वेळी वीज काही तास येत नाही. टॉवरलाही बॅटरी आणि डिझेल जनरेटर असतात, पण त्यांनाही मर्यादा आहे. त्यामुळे घरात इन्व्हर्टर असला तरी समोरचा टॉवर किती वेळ तग धरतो, हेही पाहावं लागतं.

रेंजचंही तसंच. शहरात अडचण कमी. पण यावल, रावेर, चोपडा तालुक्यांत सातपुड्याच्या कुशीतल्या पाड्यांवर डोंगर आडवा आला की सिग्नल तुटतो. जाड भिंतींच्या जुन्या वाड्यांतही ओसरीवर रेंज असते आणि आतल्या खोलीत ती गायब होते.

आधीच्या वायरलेस फोनचं काय झालं?

हा प्रयोग नवा नाही. २००० नंतरच्या दशकात ‘वायरलेस इन लोकल लूप’, म्हणजेच डब्ल्यूएलएल, फोन देशभर आले. एक्स्चेंजपासून घरापर्यंतचा शेवटचा टप्पा तारेऐवजी रेडिओ लहरींनी जोडायचा, ही त्यामागची कल्पना. बीएसएनएलने असे फोन दिले, टाटा इंडिकॉमचा ‘वॉकी’ही याच जातीचा. त्यातले बरेच फोन सीडीएमए तंत्रज्ञानावर चालत.

पुढे ते तंत्रज्ञानच मागे पडलं. रिलायन्स कम्युनिकेशन्सने २०१७ च्या अखेरीस आपली वायरलेस व्हॉइस सेवा बंद केली. टाटाचा ग्राहकांसाठीचा मोबाइल व्यवसाय २०१९ मध्ये एअरटेलमध्ये विलीन झाला. सीडीएमएचे संच सुस्थितीत असूनही निरुपयोगी ठरले. तांब्याच्या तारेवर मात्र चाळीस वर्षांपूर्वीचा फोनही सहसा चालतो. म्हणून आज सिमचा टेबल फोन घेताना तो ४जीवर बोलू शकतो का, हे विचारून घ्यावं. फक्त २जीवर चालणारा संच स्वस्त मिळाला तरी त्याचं आयुष्य कमी असू शकतं.

जुना नंबर टिकतो का?

मोबाइल नंबर पोर्टेबिलिटी २०११ मध्ये देशभर लागू झाली, पण ती मोबाइल नंबरांसाठीच आहे. ०२५७ किंवा ०२५६२ चा नंबर सिमकार्डवर नेता येत नाही. बीएसएनएलच्या तांब्यावरून बीएसएनएलच्याच फायबरवर गेल्यास मात्र तो नंबर कायम ठेवता येतो. वीस-तीस वर्षं गिऱ्हाइकांच्या वहीत असलेला नंबर सोडायचा नसेल, तर हा मार्ग आधी पाहावा.

बदल करण्याआधी काय करावं?

• फोन जिथे ठेवायचा, त्याच जागी त्या कंपनीचं सिम टाकून सकाळ-संध्याकाळ बोलून पाहावं.
• वीज गेल्यावर तिथली रेंज किती वेळ टिकते, हे एकदा तपासावं.
• राउटरवरचा फोन असेल, तर राउटरला इन्व्हर्टरची लाइन किंवा छोटा यूपीएस द्यावा.
• बँक, गॅस एजन्सी, विमा आणि नातेवाइकांकडे नवा नंबर आधी नोंदवावा.
• जुनी लाइन लगेच बंद न करता महिनाभर दोन्ही चालू ठेवाव्यात. सरेंडर करताना अनामत रक्कम परत मागावी आणि अर्जाची पोच घ्यावी.

घरात एकटी राहणारी वयस्कर व्यक्ती असेल, तर ११२ हा आपत्कालीन क्रमांक नव्या फोनजवळ मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा आणि त्याखाली घराचा पूर्ण पत्ताही लिहावा. घाबरलेल्या माणसाला तो वाचून सांगता येतो.