जावानीज लिपी
जावानीज लिपी (स्थानिक नावे: अक्सारा जावा, हानाचाराका, चाराकान) ही इंडोनेशियातील जावा बेटावर विकसित झालेली ब्राह्मी कुळातील लिपी आहे. ती डावीकडून उजवीकडे लिहिली जाते. जावानीज भाषेखेरीज सुंदानी, मदुरी आणि सासाक या शेजारच्या भाषांच्या लेखनासाठीही तिचा वापर झाला आहे. बाली लिपी ही तिची सर्वांत जवळची भगिनी लिपी होय. विसाव्या शतकात रोमन लिपीच्या प्रसारामुळे तिचा दैनंदिन वापर झपाट्याने कमी झाला.

उगम आणि विकास

इंडोनेशियात लेखनकला दक्षिण भारतातील पल्लव लिपीच्या द्वारे पोहोचली. पश्चिम जावातील तारुमानगर राज्याचा राजा पूर्णवर्मन याचे पाचव्या शतकातील संस्कृत शिलालेख या लिपीत आहेत. तिच्यापासून पुढे कावी लिपी तयार झाली. पूर्व जावातील इ.स. ७६० चा दिनोयो शिलालेख हा कावी लिपीचा एक प्राचीन नमुना मानला जातो. कावीच्या अक्षरवळणांत हळूहळू बदल होत जाऊन जावानीज आणि बाली या लिपी वेगळ्या झाल्या.

प्रारंभी लेखन ताडपत्रांवर होत असे. पुढे झाडाच्या सालीपासून बनवलेला ‘दलुवांग’ हा कागद आणि त्यानंतर युरोपीय कागद प्रचारात आला. शाईच्या वापरामुळे सुलेखन व चित्रमय सजावट यांना वाव मिळाला. इस्लामच्या प्रसारानंतर जावानीज भाषा ‘पेगोन’ या अरबी वळणाच्या लिपीतही लिहिली जाऊ लागली. मात्र जुनी लिपी मागे पडली नाही. सुराकार्ता आणि योग्याकार्ता येथील राजदरबारांत तिची परंपरा विशेष बहरली.

वर्णमाला

आधुनिक लेखनात २० मूलभूत व्यंजने आहेत. त्यांचा क्रम ब्राह्मी कुळातील अन्य लिपींप्रमाणे क, ख, ग असा नसून पुढीलप्रमाणे आहे:

ह न च र क
द त स व ल
प ड ज य ञ
म ग ब ट ङ

या चार ओळी सलग वाचल्यास एक वाक्य तयार होते. दोन दूत होते, त्यांच्यात वैर आले, दोघेही तुल्यबळ होते आणि अखेर दोघांची प्रेते पडली, असा त्याचा आशय आहे. यामागे अजि साका या पौराणिक राजाची कथा सांगितली जाते. आपल्याखेरीज कोणालाही कट्यार देऊ नये, अशी आज्ञा त्याने एका सेवकाला दिली होती. पुढे तिचा विसर पडून त्याने ती आणण्यासाठी दुसऱ्या सेवकाला पाठवले. दोघेही आज्ञेशी एकनिष्ठ राहून एकमेकांशी लढले व मरण पावले. ‘हानाचाराका’ हे लिपीचे नाव पहिल्या ओळीवरून पडले आहे.

संस्कृतातील ख, घ, ण, थ, फ, भ यांसारख्या वर्णांची चिन्हे जावानीज उच्चारात अनावश्यक ठरली, तरी ती टाकून देण्यात आली नाहीत. ‘अक्सारा मुर्दा’ या नावाने ती आदरणीय व्यक्तींच्या व स्थळांच्या नावांत आदर दर्शवण्यासाठी वापरली जातात. परभाषेतील ध्वनींसाठी मूळ अक्षरावर तीन बिंदू देऊन ‘अक्सारा रेकान’ तयार केले जातात.

लेखनपद्धती

प्रत्येक व्यंजनात ‘अ’ हा स्वर अंतर्भूत असतो. काही स्थानी त्याचा उच्चार ‘ऑ’कडे झुकतो. इतर स्वरांसाठी ‘सांधांगान’ ही चिन्हे जोडतात. इकाराचे ‘वुलु’ अक्षराच्या वर, उकाराचे ‘सुकु’ खाली, तर एकाराचे ‘तालिंग’ अक्षराच्या आधी येते. शब्दातील अंत्य र, ङ आणि ह यांसाठीची लायार, चेचाक व विग्न्यान ही चिन्हे अनुक्रमे रफार, अनुस्वार व विसर्ग यांच्याशी नाते सांगतात.

देवनागरी जोडाक्षरात सहसा पहिले व्यंजन अर्धे होते. जावानीज लिपीत पहिले व्यंजन पूर्ण राहते आणि दुसरे ‘पासांगान’ या रूपात त्याच्या खाली किंवा बाजूला लिहिले जाते. हलन्तासाठी ‘पांगकोन’ हे चिन्ह आहे. पारंपरिक लेखनात शब्दांमध्ये मोकळी जागा सोडत नाहीत. त्यामुळे एका शब्दाचे अंत्य व्यंजन आणि पुढील शब्दाचे आद्य व्यंजन यांचेही जोडाक्षर होते. लिपीला स्वतंत्र अंक असून काही अंक अक्षरांसारखे दिसतात. म्हणून संख्येच्या दोन्ही बाजूंना ‘पादा पांगकात’ हे विरामचिन्ह देतात.

मुद्रण, ऱ्हास आणि जतन

जावानीज लिपीचे खिळे १८२० च्या दशकात तयार होऊ लागले. डच अभ्यासक ताको रूर्दा यांच्या पुढाकाराने १८३८ मध्ये तयार झालेला, सुराकार्ता वळणावर आधारित टंक पुढे सर्वाधिक रूढ झाला. १८५५ मध्ये सुराकार्ता येथे ‘ब्रोमार्तानी’ हे या लिपीतील वृत्तपत्र सुरू झाले. १९२६ मध्ये लेखनाचे नियम ‘श्रीवेदारी’ संकेत म्हणून निश्चित करण्यात आले. तथापि शिक्षण, प्रशासन आणि मुद्रण यांत रोमन लिपी स्थिरावल्याने दुसऱ्या महायुद्धानंतर या लिपीतील छपाई जवळपास थांबली.

आज मध्य जावा, योग्याकार्ता व पूर्व जावा येथील शाळांत ही लिपी स्थानिक विषयाचा भाग म्हणून शिकवली जाते. काही शहरांत रस्त्यांच्या पाट्यांवरही ती दिसते. परंतु जुनी हस्तलिखिते सहजपणे वाचू शकणाऱ्यांची संख्या मर्यादित असल्याने इतिहास, साहित्य व धर्मविषयक मोठा ठेवा सामान्य जावानीज भाषकाला दुर्गम झाला आहे. १८१२ मध्ये ब्रिटिश सैन्याने योग्याकार्ताच्या राजवाड्यातून नेलेल्या हस्तलिखितांपैकी ७५ हस्तलिखितांच्या डिजिटल प्रती ब्रिटिश लायब्ररीने २०१९ मध्ये उपलब्ध करून दिल्या. त्यापूर्वी २००९ मध्ये युनिकोडच्या ५.२ या आवृत्तीत या लिपीचा समावेश झाल्याने संगणकावर ती लिहिणे शक्य झाले आहे.