निखाऱ्यावरची राख

तेरला संत गोरा कुंभारांच्या समाधीपाशी धूप दरवळतो तेव्हा कुणी तापमानाचा विचार करत नाही. पण सगळी करामत तापमानाचीच. लाल निखारा सहज ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे असतो. ऊदातलं बेन्झोइक आम्ल मात्र १२२ अंशांनाच वितळतं आणि त्याची वाफही लवकर उठू लागते. म्हणजे सुगंधाला लागते थोडी ऊब, आणि आपण देतो भट्टी! खडा थेट लाल निखाऱ्यावर टाकला की चर्र होतं, क्षणभर वास येतो, मग राळ करपते. उरतो तो डोळ्यांत पाणी आणणारा धूर.

जुनी माणसं म्हणूनच निखाऱ्यावर राख धरू देत. राखेचा थर उष्णता अडवतो, हवाही कमी पोचू देतो. ऊद जळण्याऐवजी हळूहळू वाफाळतो. जपानी लोक याच कामासाठी राखेवर अभ्रकाची चकती ठेवून तिच्यावर सुगंधी लाकडाचा तुकडा ठेवतात.

इलेक्ट्रॉनिक सिगारेटमधलं तापमान-नियंत्रणही याच तत्त्वावर चालतं. तार तापली की तिचा विद्युतरोध वाढतो. त्यावरून चिप तापमान ताडते आणि वीज कमी करते, म्हणून चव करपत नाही. चव सुधारली तरी निकोटिन निकोटिनच राहतं. भारतात २०१९पासून या उपकरणांच्या उत्पादन-विक्रीवर बंदी आहे, आणि ती योग्यच वाटते. धुपालाही निर्धोक समजू नका: बंद खोलीत कोंडलेला धूर छातीला बाधतो. खिडकी उघडी ठेवा.