सागरी आम्लीकरण आणि वनस्पतिप्लवक : कॉकोलिथोफोरच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
समुद्राच्या प्रकाशित थरात तरंगणाऱ्या सूक्ष्म स्वयंपोषी जीवांना वनस्पतिप्लवक म्हणतात. पृथ्वीवरील एकूण प्रकाशसंश्लेषणात त्यांचा वाटा जवळपास निम्मा आहे. साहजिकच सागरजलाच्या रसायनात होणाऱ्या बदलाला हे जीव कसा प्रतिसाद देतात, हा प्रश्न केवळ सागरविज्ञानाचा राहत नाही.

आम्लीकरणाची प्रक्रिया :
मानवनिर्मित कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे एक चतुर्थांश वायू महासागर शोषून घेतात. पाण्यात त्याचे कार्बोनिक आम्ल बनते व हायड्रोजन आयन मुक्त होतात. औद्योगिक क्रांतीपूर्वी ८.२ च्या आसपास असलेला पृष्ठजलाचा सामू ०.१ हून अधिक घटला आहे. सामूची मोजपट्टी लघुगणकीय असल्याने ०.१ ची घट म्हणजे हायड्रोजन आयनांत सुमारे २६ टक्के वाढ होय. समुद्र मात्र आजही अल्कधर्मीच आहे. 'आम्लीकरण' ही संज्ञा दिशा दर्शविते, स्थिती नव्हे.

कॉकोलिथोफोरविषयीचा वाद :
एमिलियानिया हक्सलेई ही कॉकोलिथोफोर गटातील प्रजाती स्वतःभोवती चुनखडीच्या चकत्यांचे कवच रचते. कार्बोनेट घटल्यामुळे कवच दुबळे होते, असे सोपे स्पष्टीकरण अनेकदा दिले जाते. ते अपुरे आहे. ही पेशी प्रामुख्याने बायकार्बोनेट वापरते. अडचण येते ती कॅल्सीभवनात निर्माण होणारे हायड्रोजन आयन पेशीबाहेर टाकण्याची. बाहेरच त्यांचे प्रमाण वाढले, तर हे काम कठीण होते.

इ. स. २००० मध्ये उल्फ रीबेझेल व सहकाऱ्यांना वाढीव कार्बन डायऑक्साइडमध्ये कॅल्सीभवन घटल्याचे आढळले. २००८ मध्ये डेबोरा इग्लेसियास-रॉड्रिगेझ यांच्या गटाने नेमका उलट निष्कर्ष मांडला. पहिल्या प्रयोगात आम्ल-अल्क मिसळून, तर दुसऱ्यात वायूचे बुडबुडे सोडून पाण्याचे रसायन बदलले होते. त्यामुळे चर्चा पद्धतीभोवती फिरली. परंतु २००९ मध्ये एकाच प्रजातीचे चार वाण तपासले असता प्रत्येकाचा प्रतिसाद वेगळा निघाला. 'प्रजातीचा प्रतिसाद' ही कल्पनाच येथे ढिली पडते. २०११ मध्ये चिलीच्या किनाऱ्यालगतच्या कमी सामूच्या पाण्यात तर जाड कवचाचा वाण सापडला. २०१२ च्या प्रयोगात सुमारे ५०० पिढ्यांनंतर पेशींनी घटलेले कॅल्सीभवन अंशतः भरून काढले.

इतर गट :
नत्र स्थिर करणाऱ्या ट्रायकोडेस्मियमचे बहर मान्सूनपूर्व काळात अरबी समुद्रातही येतात. वाढीव कार्बन डायऑक्साइड त्याला पोषक ठरतो, असे २००७ मध्ये दिसले. २०१७ मध्ये चिनी संशोधकांनी तो परिणाम संवर्धन माध्यमातील अशुद्धीमुळे असल्याचे प्रतिपादन केले. त्यावरही मतभेद झाले.

करंडक वनस्पतींचे, म्हणजे डायटमचे, कवच सिलिकाचे असल्याने त्या सुरक्षित मानल्या जात. तथापि सामू घटल्यास सिलिका सावकाश विरघळते. मृत कवचे अधिक खोल जातात आणि पृष्ठभागी सिलिकाची चणचण भासते. या अप्रत्यक्ष मार्गाने इ. स. २२०० पर्यंत डायटममध्ये २६ टक्क्यांपर्यंत घट संभवते, असे २०२२ च्या प्रतिमानाधारित अभ्यासाचे अनुमान आहे.